वखारीत जन्मलेले संगीत

शिकागो शहरात साउथ जेफर्सन मार्गावर २०६ क्रमांकाची जी तीन मजली इमारत आहे, आणि जिच्यात पूर्वी कारखाना चालत असे, ती १९७७ साली रॉबर्ट विल्यम्स यांनी रात्रीच्या नृत्यासाठी घेतली व तबकड्या वाजविण्याकरिता न्यूयॉर्कहून फ्रँकी नकल्स या २२ वर्षांच्या तरुणास पाचारण केले. 'वेअरहाऊस' म्हणजे वखार, हेच त्या स्थळाचे नाव पडले. तेथे मद्य मिळत नसे. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाचे, आणि त्यांतही पुष्कळसे समलिंगी तरुण, ज्यांना अन्यत्र निःशंकपणे नाचता येईल अशी स्थळे फार थोडी होती.

१२ जुलै १९७९ रोजी त्याच शहरातील कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर वखारीत ज्यावर नाच चाले त्या डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला, आणि प्रेक्षकांनी मैदानात घुसून असा धुमाकूळ घातला की पुढचा सामना होऊच शकला नाही. त्या जमावाचा रोष केवळ एका गीतप्रकारावर होता असे मला मुळीच वाटत नाही. तो प्रकार कोणी जोपासला हे सर्वांस ठाऊक होते. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि नृत्यास योग्य अशा नव्या तबकड्यांचा ओघ आटत गेला.

तेव्हा नकल्स यांनी जुन्या गीतांनाच नवे रूप दिले. गीत चुंबकीय फितीवर उतरवून घ्यावे, गायन थांबून नुसता ताल उरतो तेवढा तुकडा फीत कापून व सांधून लांबवीत न्यावा, आणि नाचणाऱ्यांची उत्कंठा शिगेस पोहोचली म्हणजे मूळ स्वर परत आणावा, असा हा हुन्नर होता. कधी ते दिवे मालवून धावत्या आगगाडीचा ध्वनी दालनभर सोडीत. पुढे तालयंत्राचीही जोड मिळाली. नव्या तबकड्यांची रेलचेल असती तर ही चिकाटीची कारागिरी घडली नसती, असे माझे मत आहे. तबकड्यांच्या दुकानांत गिऱ्हाइके वखारीतले संगीत मागू लागली आणि 'हाऊस' हे संक्षिप्त नाव रूढ झाले, असे सांगतात.

कीर्तीनेच पुढे वखारीचा घात केला. गर्दी पालटली, प्रवेशशुल्क वाढले, आणि १९८२ च्या सुमारास नकल्स स्वतःचे 'पॉवर प्लँट' हे नृत्यस्थळ काढण्यासाठी बाहेर पडले. विल्यम्स यांनी 'म्युझिक बॉक्स' या दुसऱ्या नृत्यस्थळी तबकड्या वाजविण्यास रॉन हार्डी यांस बसविले. या दोन स्थळांच्या चढाओढीतून शहरातील तरुणांस स्वतःच्या तबकड्या काढण्याची ईर्ष्या झाली. नकल्स २०१४ साली निवर्तले. ती इमारत मात्र उभी होती. तिच्या जतनासाठी लोकांनी चळवळ केली, आणि २०२३ साली नगरपरिषदेने तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मंजूर केला.