विकत घेतलेलें यंत्र आणि त्याचें कुलूप

वस्तूची किंमत चुकती केली कीं तिचें स्वामित्व पूर्णपणें आपलें झालें, असें सामान्य माणूस समजतो. अलीकडचा इतिहास मात्र निराळें सांगतो. विकणाऱ्यानें वस्तूच्या पोटांतच कुलूप ठेवावें आणि किल्ली आपल्या कमरेस लावावी, ही रीत आतां रूढ झाली आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील कापूस पिकविणाऱ्यांस हा प्रश्न बियाण्याच्या रूपानें परिचित आहे. मुलांच्या खेळाच्या यंत्रांत तोच निराळ्या वेषांत दिसतो.

निन्टेन्डो या जपानी कंपनीनें १९८३ सालीं काढलेल्या फॅमिकॉम यंत्रांत असें कुलूप नव्हतें. त्याचाच अवतार १९८५ सालीं अमेरिकेंत गेला, तेव्हां त्यांत एक लहानशी चिप बसविण्यांत आली. कॅसेटमधील जोडीदार चिपेशीं तिचें संभाषण जुळलें तरच खेळ चाले. पुढें हौशी लोकांस आढळून आलें कीं, यंत्रांतील चिपेचा चौथा पाय कापला असतां कुलूप निकामी होतें. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत आलेलीं यंत्रें पुष्कळशीं फॅमिकॉमच्या नकला होतीं. त्यांना हा अडसर ठाऊकच नव्हता.

सोनीचें प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ रोजीं जपानांत विक्रीस आलें. त्याचें कुलूप अधिक चतुराईचें होतें. तबकडीच्या आरंभींच्या भागांतील सर्पिल रेषेस सूक्ष्म हेलकावा देऊन त्यांत चार अक्षरांची खूण गुंफलेली असे. जपान, अमेरिका व युरोप यांच्या खुणा भिन्न. घरगुती यंत्रावर नक्कल करतांना तो हेलकावा उतरत नसे, म्हणून नकली तबकडी चालत नसे. परंतु परदेशीं पैसे मोजून घेतलेली अस्सल तबकडीही चालत नसे. मॉडचिप म्हणजे या द्वारपालापुढें उभा केलेला पढविलेला साक्षीदार. यंत्राचें आवरण काढून तो इवलासा तुकडा बारीक तारांनीं मुख्य बोर्डास डाखला, कीं तोच तीं अक्षरें सांगूं लागे. चोर आणि प्रवासी या दोघांनाही एकच किल्ली मिळाली; खरा पेच येथेंच आहे.

ऑस्ट्रेलियांत स्टीव्हन्स नांवाच्या चिपविक्रेत्यावर सोनीनें दावा लावला. ६ ऑक्टोबर २००५ रोजीं तेथील हायकोर्टानें एकमतानें स्टीव्हन्सच्या बाजूनें निकाल दिला. हें कुलूप नक्कल करण्याचें कृत्य अडवीत नाहीं, झालेली नक्कल केवळ चालूं देत नाहीं; म्हणून त्यास कायद्याचें संरक्षण नाहीं, असा त्याचा इत्यर्थ. २००६ सालीं तेथील कायदा कडक झाला. तथापि परदेशीं घेतलेल्या अस्सल प्रतीस अडविणारें कुलूप संरक्षणांतून वगळण्यांत आलें.

भारतांत १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं कलम ६५अ घालण्यांत आलें. हक्कभंगाच्या हेतूनें कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड. पण कायद्यानें स्पष्टपणें न निषेधिलेल्या हेतूसाठीं तें उघडण्यास आडकाठी नाहीं. मात्र दुसऱ्यास असें साह्य करणाऱ्यानें त्याचें नांव, पत्ता व हेतु यांची नोंद ठेवली पाहिजे. म्हणजे यवतमाळच्या बाजारांतील दुरुस्तीवाल्यानें डाखकामाच्या हत्याराशेजारीं वहीही बाळगावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

आतां बियाण्याकडे पाहूं. संकरित कपाशीचें बीं पुढच्या पिढींत गुण टिकवीत नाहीं. तें कुलूप निसर्गाचें. परंतु मार्च १९९८ मध्यें अमेरिकेंत ज्या तंत्रास पेटंट मिळालें, त्यांत पिकाचें बीं मुद्दामच वांझ करण्याची युक्ति होती. तें तंत्र बाजारांत आलें नाहीं. तरी आपल्या २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें अशा वाणास नोंदणी नाकारली, आणि घरचें बीं राखून पेरण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला. त्याच संसदेनें अकरा वर्षांनीं यंत्राच्या कुलपास मात्र पहारा दिला.

हा भेद अकारण नाहीं. बियाण्यावर पोट आहे, खेळावर नाहीं. आणि खेळ रचणाऱ्यासही श्रमाचें मोल मिळालें पाहिजे. नकली तबकड्यांच्या धंद्याची तरफदारी आम्ही करीत नाहीं. परंतु प्लेस्टेशनचें उत्पादन २००६ सालींच थांबलें. तबकड्या झिजतात, ओरखडतात. आपल्याच तबकडीची जपून ठेवलेली प्रत चालवावी म्हटलें, तर तीस तें कुलूप अडवितें. धन्यानें दुकान आवरलें, तरी राखणदार दार अडवून बसलाच आहे. कुलपास मुदत असावी, आणि ती संपल्यावर किल्ली मालकाच्या हातीं यावी, एवढें तरी न्यायास धरून आहे, असें आम्हांस वाटतें.