सरळ रेषेचें समीकरण

दोन बिंदूंतून जाणाऱ्या सरळ रेषेचें समीकरण आज शाळेंतला मुलगा दोन मिनिटांत मांडतो. (२, ३) आणि (५, ९) हे बिंदु दिले, तर आडवीं ३ घरें सरकतांना रेषा ६ घरें वर चढते. अर्थात् एका घरास २ हा तिचा चढ. मग य = २क्ष − १ असें लिहून तो पुढच्या उदाहरणाकडे वळतो. एवढें सोपें साधन युरोपांत रूढ व्हावयास, भूमितीची बीजगणिताशीं गांठ पडल्यावरहि, दीडशें वर्षें लागलीं, हें आमच्या पुष्कळ वाचकांस नवलाचें वाटेल.

दोन बिंदूंनीं रेषा ठरते हें ज्ञान जुनेंच आहे. युक्लिडानें ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास तेंच आपलें पहिलें गृहीतक केलें. पण ती रेषा पट्टीनें ओढावयाची होती, अक्षरांनीं लिहावयाची नव्हती. १६३७ सालीं देकार्तचा भूमितीवरील निबंध लायडन येथें छापला गेला. त्याच सुमारास तुलूझ येथील न्यायाधिकारी फर्मा यानें स्वतंत्रपणें तोच मार्ग धरला होता. दोन अव्यक्तांचें पहिल्या घाताचें समीकरण सरळ रेषाच दाखवितें, हें त्यानें स्पष्ट मांडलें. त्याचें लिखाण मात्र १६७९ त, म्हणजे तो वारल्यावर चौदा वर्षांनीं, प्रसिद्ध झालें.

देकार्तच्या ग्रंथांत आपला दोन बिंदूंचा विधि शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागत नाहीं. तें स्वाभाविकच आहे. त्याचें सारें लक्ष ग्रीकांना दुर्घट वाटलेल्या वक्रांकडे होतें. जी रेषा पट्टी ठेवतांच मिळते, तिच्यासाठीं समीकरणाचा खटाटोप कोण करील? शिवाय ऋण संख्या अक्षांवर निःशंकपणें मांडण्याची संवय गणित्यांना अद्यापि जडली नव्हती.

ही उणीव भासली ती वर्गांत. १७९४ त पॅरिस येथें स्थापन झालेल्या, पुढें एकोल पोलितेक्निक या नांवानें गाजलेल्या विद्यालयांत इंजिनियर घडवावयाचे होते. तेथील मोंझ आणि त्याचा अनुयायी लाक्र्वा यांनीं बिंदु व रेषा यांचा सगळा व्यवहार आकृतीवांचून, केवळ समीकरणांनीं करून दाखविला, आणि लाक्र्वाच्या पाठ्यपुस्तकांतून आपलें हें समीकरण विद्यार्थ्यांच्या हातीं आलें.

तथापि समीकरणाच्या पोटांत जो हिशेब आहे, तो आमच्याकडील ज्योतिषी शतकानुशतकें करीत आले होते. आमच्या मतें मुलांना सूत्र घोकावयास लावण्यापूर्वीं तो हिशेब दाखवावा. सूर्यसिद्धांतांतील ज्यांचें कोष्टक २२५ कलांच्या अंतरानें दिलें आहे: २२५ कलांची ज्या २२५, ४५० कलांची ४४९. आतां ५ अंशांची, म्हणजे ३०० कलांची, ज्या हवी आहे. २२५ कलांस वाढ २२४, तर उरलेल्या ७५ कलांस किती? त्रैराशिकानें ७४⅔. एकूण २९९⅔. त्रिज्या ३४३८ धरून आजच्या रीतीनें उत्तर येतें सुमारें २९९.६४! कोष्टकांतील दोन आंकडे हे दोन बिंदु, २२४ भागिले २२५ हा चढ. मुलानें वर केलें तें याहून निराळें नाहीं.

यावरून आमच्या पूर्वजांस देकार्तची भूमिति अवगत होती असें म्हणण्याचा मोह कोणास झाल्यास तो आवरावा. त्यांनीं हवा तो एक आंकडा काढला; क्ष वाटेल तो घ्या, रेषेवरील प्रत्येक बिंदु या एका ओळींत सांपडेल, हें म्हणणें निराळें आहे, आणि तें श्रेय फर्मा व देकार्त यांचेंच. मात्र या त्रैराशिकाची मर्यादा ज्योतिष्यांनीं बरोबर हेरली होती. ज्येची वाढ कोष्टकांत पुढें पुढें घटत जाते, सरळ रेषा मात्र तिला एकसारखी धरते. म्हणून ब्रह्मगुप्तानें इ. स. ६६५ च्या खंडखाद्यकांत लगतचे दोन फरक हिशेबांत घेऊन मधली ज्या अधिक सूक्ष्म काढण्याचा नियम दिला.