नगरची पाटी आणि जुने ग्रंथ

नेवासे आणि वडाळा ही दोन्ही गावे एकाच तालुक्यातली. नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिथला खांब आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. वडाळ्यास एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने ठाणे घातले आणि आसपासच्या महारवाड्यांतली, मांगवाड्यांतली मुले पाटीवर अक्षरे गिरवू लागली. देवळाच्या पायरीपाशीच ज्यांच्या बापजाद्यांस थांबावे लागे, त्यांच्या हाती पहिला प्राचीन ग्रंथ आला तो ज्ञानदेवांचा नव्हे. मराठीत उतरलेली हिब्रू लोकांची स्तोत्रे आली. घरचे धन शेजारी पडून राहिले आणि परमुलखातले ओट्यावर आले.

आम्ही पंडित नव्हे. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे वाचन संघटनेच्या कचेरीत, विडी वळणाऱ्या बायांचे अर्ज लिहिता लिहिता झाले. त्यामुळे कोणी शिकविले यापेक्षा, शिकलेल्या पोराने पुढे काय लिहिले, इकडेच आमचे लक्ष आधी जाते.

मिशनरी नगरास आले १८३१ साली. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. तो त्यांनी लपविला नाही, आपणही लपवू नये. वाचता आले तर बायबल वाचतील, हा सरळ हिशेब. पण अक्षर हे मोठे बेइमान. शिकविणाऱ्याच्या हिशेबात ते राहत नाही. सिंथिया फरार या बाई १८३९ पासून १८६२ साली मृत्यू येईपर्यंत नगरास मुलींच्या शाळा चालवीत होत्या. १८४८ साली जोतीराव फुले आपले मित्र गोवंडे यांच्याबरोबर त्या शाळा पाहून गेले आणि त्याच वर्षी पुण्यास त्यांनी मुलींची शाळा काढली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, हे सांगावयास नकोच.

१८४२ च्या जूनमध्ये याच नगरात मिशनचे ‘ज्ञानोदय’ पत्र निघाले. पुढे ते मुंबईस गेले. त्याच पत्राने १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत जोतीरावांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या एका मांग मुलीचा निबंध छापला. मुक्ता साळवे तिचे नाव. वेदांवर आमचा अधिकार नाही म्हणता, तर मग आमचा धर्मग्रंथ कोणता, असा तिचा रोकडा सवाल होता. शास्त्राचा एक श्लोकही तिच्या कानी पडू दिला नसेल, तरी त्या ग्रंथांना तिने जाब विचारला! प्राचीन वाङ्मयाचा याहून चोख अभ्यास चौदाव्या वर्षी दुसऱ्या कोणी केला असेल, असे आम्हांस वाटत नाही. छापणाऱ्यांना त्यात आपल्या धर्माचा लाभ दिसला असेल. दिसो बापडा, निबंध तर तिचाच आहे.

मिशनची एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. मुले बाटली ती देवाबरोबर भाषेसही पारखी होऊ लागली. परक्या चालीवरची गाणी आणि साहेबी वळणाची मराठी त्यांच्या वाट्यास आली. हे दुखणे ओळखले नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नगरास राहून ते मिशनच्या सेमिनरीत शिकवू लागले. तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचविले, असे ते सांगत. ओवी आणि अभंग त्यांनी देवळातून चर्चमध्ये नेले. गोव्याकडे फादर स्टीफन्सने १६१६ साली ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून तीच वाट पूर्वी धरली होती. परंतु टिळकांना संस्कृत शिकावयास मिळाले होते, वडाळ्याच्या पोराला नाही. हा फरक त्यांचे चाहते बहुधा विसरतात.

टिळकांच्या नगरच्या घरी त्र्यंबक ठोमरे हा तरुण येऊन राहिला. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या ज्या पोराने सर्वांस चकित केले, तोच हा बालकवी. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे सांभाळले. धर्म बदलावा लागला नाही. टिळक १९१९ साली गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळा ठाऊक नव्हती.

त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आमच्या कचेरीच्या कपाटात असतात. मागे एका विडी कामगार बाईंची नववीतली मुलगी आईची वाट पाहत ती वाचीत बसली होती. बऱ्याच वेळाने मान वर करून तिने विचारले, “काका, ही बाई बोलल्यासारखं लिहिते. मी असं लिहिलं तर मास्तर मार्क देतील का?”

आम्ही तिला वही दिली आणि म्हणालो, लिहून तर दाखव.