सौर पॅनेल उद्योग, बुलढाणा जिल्हा

सौर पॅनेले तयार करणे, ती बसवणे आणि त्यांची वीज विकणे या तीन व्यवसायांचा मिळून सौर पॅनेल उद्योग होतो. पश्चिम विदर्भातील बुलढाणा जिल्ह्याचे या उद्योगाशी नाते दुहेरी आहे. देशातील सर्वांत मोठ्या पॅनेल उत्पादक कंपनीचे, वारी एनर्जीजचे, संस्थापक हितेश दोशी हे संग्रामपूर तालुक्यातील टुनकी गावचे. दुसरीकडे जिल्ह्यातील शेतकरी, ग्रामपंचायती आणि घरमालक हे पॅनेलांचे गिऱ्हाईक आहेत आणि प्रकल्पांना जमीन देणारेही. कंपनीचे मोठे कारखाने मात्र उभे राहिले ते गुजरातेत. त्यामुळे ‘सोलरमध्ये पैसे घालावेत का’ या प्रश्नाचे बुलढाण्यात दोन अर्थ होतात : कंपनीचे शेअर घेणे, किंवा आपल्या छपरावर, शेतात प्लेटा बसवणे. दोन्हींची जोखीम निराळी असली, तरी दोन्हींचा आधार सरकारी धोरण हाच आहे.

टुनकी ते सुरत : टुनकी हे सातपुड्याच्या पायथ्याचे, घाटाखालचे गाव. दोशी यांच्या वडिलांचे तेथे किराणा दुकान होते. मुंबईत महाविद्यालयात शिकत असताना १९८५ मध्ये त्यांनी ५,००० रुपये उसने घेऊन व्यापार सुरू केला. पुढे दाब व तापमान मोजणारी औद्योगिक उपकरणे बनवण्याचा व्यवसाय उभा केला; तो कालांतराने स्वित्झर्लंडच्या बाउमर समूहाकडे गेला. कंपनीचे नाव वान नदीकाठच्या वारी येथील हनुमान मंदिरावरून आले. हे देवस्थान अकोला-बुलढाणा सीमेवर असून परिसरात ‘वारी हनुमान’ म्हणून प्रसिद्ध आहे.

जर्मनीतील एका प्रदर्शनात सौर तंत्रज्ञान पाहिल्यावर दोशी या क्षेत्राकडे वळले. २००७ मध्ये सुरत येथे ३० मेगावॅट वार्षिक क्षमतेचा कारखाना सुरू झाला. जून २०२४ पर्यंत पॅनेलनिर्मितीची क्षमता १२ गिगावॅटवर, म्हणजे मूळच्या चारशेपट, गेली. मार्च २०२५ मध्ये चिखली येथे ५.४ गिगावॅट क्षमतेच्या सेल कारखान्याचे उद्घाटन झाले. ही चिखली गुजरातच्या नवसारी जिल्ह्यातील. बुलढाणा जिल्ह्यातील त्याच नावाच्या तालुक्याशी तिचा संबंध नाही.

निर्मिती : पॅनेलची साखळी चार टप्प्यांची असते : शुद्ध सिलिकॉन, त्याच्या पातळ चकत्या (वेफर), चकतीपासून सेल आणि सेल जोडून पॅनेल. शेवटचा टप्पा जुळणीचा. सेलवर चांदीच्या पेस्टच्या बारीक रेघा असतात. त्यांवर कल्हई केलेल्या तांब्याच्या पट्ट्या डाखून सेलांच्या माळा करतात. खाली मागचा पत्रा, वर काच आणि मध्ये चिकट पारदर्शक थर असा थर लावून तो निर्वात यंत्रात सुमारे १५० अंशांवर भाजतात. मग ॲल्युमिनियमची चौकट आणि मागे जोडणीची डबी बसते. जुळणीला भांडवल तुलनेने कमी लागते, म्हणून भारतात हा टप्पा आधी वाढला. सिलिकॉन आणि वेफरवर चीनची पकड अजून घट्ट आहे. चांदीचा भाव वाढला की सेल महागतो. एरवी चांदीच्या बाजारपेठेसाठी नावाजलेल्या खामगावातला हा भाव सौर कारखान्याच्या हिशेबातही येतो.

जिल्ह्यातील वापर : येथे सौर ऊर्जेला मागणी आली ती प्रामुख्याने शेतीतून. हरभरा-गव्हाला पाणी देण्यासाठी रात्रीच्या लाईटीची वाट पाहणे हा शेतकऱ्याचा जुना जाच. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत (२०२४) सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असते. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाच वर्षे दुरुस्तीची हमी व विमा असतो.

दुसरी वाट मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. यात शेतीपंपांच्या वाहिन्यांना दिवसा वीज देण्यासाठी उपकेंद्रांजवळ छोटे सौर प्रकल्प उभारले जातात. खाजगी विकासक प्रकल्प बांधतो आणि महावितरण २५ वर्षे साधारण तीन रुपये युनिटच्या आसपास वीज विकत घेते.

घाटाखालच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे पूर्णा खोऱ्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा भागांत, सौरपंपाची मर्यादा उघडी पडते. ऊन फुकट मिळते, पण बोअरचे पाणी खारट असेल तर ते पिकाला चालत नाही. तेथे शेततळे, नदी किंवा कालव्याचे पाणी असेल तरच पंपाचा खरा उपयोग होतो.

गुंतवणूक, शेअर बाजार : वारी एनर्जीजची प्राथमिक समभाग विक्री ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. ४,३२१ कोटी रुपयांच्या या विक्रीला ९७ लाखांवर अर्ज आले. १,५०३ रुपयांना दिलेला शेअर २८ ऑक्टोबरला राष्ट्रीय शेअर बाजारात २,५०० रुपयांना उघडला. पुढील वर्षभरात तो दोन हजारांखाली उतरला आणि साडेतीन हजारांवरही चढला. २०२४-२५ मध्ये कंपनीचा महसूल सुमारे १४,४४४ कोटी आणि नफा १,९२८ कोटी रुपये होता.

या नफ्याला संरक्षक भिंतींचा आधार आहे. एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलांवर ४० आणि सेलांवर २५ टक्के सीमाशुल्क लागले. सरकारी योजनांसाठी मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी एप्रिल २०२४ पासून पुन्हा सक्तीची झाली, तर सेलांच्या यादीसाठी जून २०२६ ही मुदत ठरवण्यात आली. या आडोशाला कारखाने भराभर निघाले. ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतील पॅनेल क्षमता १०० गिगावॅटवर पोहोचली. २०२४-२५ मध्ये देशात बसलेली सौर क्षमता मात्र सुमारे २४ गिगावॅट. उरलेला माल निर्यात व्हावा, तर अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले. २०२३-२४ मध्ये वारीचा निम्म्याहून अधिक महसूल निर्यातीचा होता. कंपनीने टेक्सासमध्येही कारखाना काढला आहे. क्षमता मागणीच्या पुढे गेली की नुसती जुळणी करणाऱ्यांचे मार्जिन आधी आटते. स्वतःचे सेल व वेफर बनवणारे तुलनेने तग धरतात. म्हणून या क्षेत्रातील शेअर पाहताना पॅनेलच्या गिगावॅटइतकेच सेलच्या गिगावॅटकडे पाहावे लागते.

गुंतवणूक, जमीन व छप्पर : कृषी वाहिनी योजनेत जमिनीला हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे असून त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ होते. एक मेगावॅटला साधारण चार-पाच एकर लागतात. पाच एकरांचे पहिल्या वर्षीचे भाडे अडीच लाखांच्या आसपास जाते. पाऊस व सोयाबीनचा भाव यांवर हे उत्पन्न अवलंबून नसते, पण जमीन पाव शतक अडकते. त्यामुळे मुरमाड, पडीक जमिनीला हा व्यवहार परवडतो, ओलिताच्या काळ्या जमिनीला क्वचितच.

घरासाठी २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,०००, तिसऱ्याला १८,००० आणि एकूण जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. तीन किलोवॅटची यंत्रणा महिन्याला सुमारे ३५० युनिट वीज देते. अनुदानासाठी देशी सेलांचीच पॅनेले लागतात. म्हणजे मलकापुरात बसलेली प्लेट देशी सेल कारखान्यांची मागणी वाढवते.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. पॅनेलची नोंदलेली क्षमता २५ अंश सेलतापमानाला असते. घाटाखाली पारा ४३ वर गेला की सेल ६५-७० अंशांपर्यंत तापतो आणि दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.३५ टक्के वीज घटते. ५४० वॅटचे पॅनेल भर दुपारी ४६०-४७० वॅटच्या आसपास येते. छपरापासून वीतभर उंच बसवल्यास खालून वारा खेळतो आणि तूट कमी होते. धूळ नियमित धुवावी लागते. खारे पाणी वापरल्यास काचेवर पांढरे डाग धरतात.

विल्हेवाट : पॅनेलचे आयुष्य साधारण २५ वर्षांचे धरतात. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलांचा समावेश असून टाकाऊ पॅनेले साठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जमिनीचा भाडेकरार करताना मुदतीअखेर सांगाडे, पाया व पॅनेले कोणी उचलायची याचे कलम तपासणे म्हणूनच भाड्याच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे ठरते.