दोन इंचांची गादी

स्लीपर डब्यातल्या बर्थवर कधी बोट दाबून पाहिलंय? वरच्या रेक्झिनखाली जेमतेम दोन इंचांचा फोम असतो. जुन्या डब्यात तोही चेपलेला, कोपऱ्यात उसवलेला. आपण त्याला गादी म्हणायलाही तयार नसतो. घरी पोचल्यावर ‘स्लीपरनं आलो, पाठीची वाट लागली’ असंच सांगतो.

पण भारतातल्या रेल्वेच्या वयापुढे हा फोम अगदी अलीकडचा आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. सर्वांत स्वस्त वर्गातल्या माणसाच्या पाठीखाली फोम आला तो 1977 मध्ये सरकार बदलल्यानंतर. मधली सव्वाशे वर्षं या देशातली बहुतेक माणसं लाकडावर बसून, आणि जागा मिळालीच तर लाकडावर झोपून प्रवास करत होती. ही गोष्ट मला शाळेत कुणी शिकवली नाही. ती मला एका लग्नाला जाताना कळली.

कॉलेजातल्या मैत्रिणीचं लग्न कोलकात्यात होतं आणि आम्ही पाचजण जाणार होतो. ग्रुपवर तारखा ठरल्या, अहेर ठरला. मग एकानं लिहिलं, ‘थर्ड एसी बुक करतो, सगळ्यांचं. चालेल ना?’ तो हिंजवडीत आयटीत आहे, त्याला चालणारच होतं. दोघांनी अंगठा दाखवला. एकानं मात्र मेसेज वाचला आणि काहीच उत्तर दिलं नाही. तो पुण्यात पेठेतल्या अभ्यासिकेत बसून तिसऱ्यांदा एमपीएससीची तयारी करतोय. मेसचे पैसे तो महिन्याच्या सुरुवातीला मोजून वेगळे ठेवतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. थर्ड एसीचं भाडं स्लीपरच्या जवळपास अडीचपट होतं. ‘तुझे मी भरतो’ असं म्हणणं सोपं असतं, पण ऐकणाऱ्याला ते सोपं नसतं. रात्री उशिरा एका मैत्रिणीनं लिहिलं, ‘गीतांजलीचं स्लीपर मिळतंय, पाचही कन्फर्म. गप्पा मारायला खिडकी उघडी पाहिजे.’ पाच मिनिटांत तिकिटं काढून झाली. खिडकीचं कारण खोटं होतं हे सगळ्यांना कळलं, आणि कुणी बोललं नाही.

गीतांजली एक्सप्रेस मुंबईहून पहाटे सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोचते. दोन हजार किलोमीटरच्या आतबाहेरचं अंतर आणि मध्ये एक रात्र. कसारा घाट चढेपर्यंत आमचा पहिला चहा झाला होता, नाशिक रोडनंतर पत्ते निघाले होते. जळगावला सत्तरीपुढचे एक काका चढले. त्यांना नागपूरला लेकीकडे जायचं होतं. बसल्या बसल्या त्यांनी बर्थवर हात फिरवला आणि म्हणाले, “पोरांनो, होल्डॉल म्हणजे काय माहीत आहे का?”

आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

होल्डॉल म्हणजे जाड कॅनव्हासची लांबलचक गुंडाळी. तिच्यात सतरंजी, गोधडी, उशी आणि वरून कपडे घालायचे, सगळं एकत्र गुंडाळायचं आणि चामड्याच्या पट्ट्यांनी आवळून बांधायचं. जे कुणी लांबच्या प्रवासाला निघत ते आपलं अंथरूण असं बरोबर घेऊन निघत. ज्यांना होल्डॉल परवडत नसे ते वळकटी बांधत. “कारण इथं फळी होती,” काका म्हणाले. “नुसती लाकडी पट्ट्यांची फळी. मी लहान असताना आईची गोधडी धाकट्यांच्या वाटेला जायची. सकाळी उठलं की माझ्या पाठीवर पट्ट्यांचे वळ. आम्ही ते एकमेकांना दाखवून मोजायचो.”

“मग बदललं कधी?” आमच्या एमपीएससीवाल्यानं विचारलं. सवयच ती.

“जनता सरकार आलं तेव्हा. आपल्याकडचाच माणूस होता. मधू दंडवते.”

नाव सगळ्यांनी ऐकलं होतं, पण बर्थशी त्याचा संबंध कुणी जोडला नव्हता. घरी आल्यावर मी वाचत गेलो आणि त्या फळीचा इतिहास मला वाटला होता त्यापेक्षा बराच लांब निघाला.

रेल्वे भारतात आली तेव्हा इथले गरीब लोक पैसे देऊन गाडीत बसतील का, अशी शंका अनेक इंग्रजांना होती. ती शंका लवकरच फिटली. सर्वांत खालच्या वर्गाला इतकी गर्दी झाली की प्रवासी उत्पन्नाचा मोठा हिस्सा तिथूनच येऊ लागला. पण पैसा जिथून येत होता तिथे सोयी मात्र पोचल्या नाहीत. 1917 साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक लेख लिहिला. दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर ते देशभर याच वर्गातून हिंडत होते. त्या लेखात मुंबई ते मद्रास या प्रवासाचा सविस्तर हिशेब आहे. तिकीट 13 रुपये 9 आणे. डब्यावर 22 माणसांची पाटी. तीही फक्त बसण्यापुरती, कारण नीट आडवं होता येईल अशी सोय त्या डब्यात नव्हती, आणि प्रवास दोन रात्रींचा होता. पुण्यापर्यंत आतल्या दांडग्यांनी दार अडवून ठेवलं म्हणून गर्दी कशीबशी आवरली. रायचूरनंतर ती असह्य झाली. सगळ्या प्रवासात डबा एकदाही झाडला गेला नाही.

पुढे गांधीजी सरळ त्रैराशिक मांडतात. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त आहे. मग तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एक पंचमांश, निदान एक दशांश तरी सुख मिळतं का? हा प्रश्न दयेचा नव्हता. जेवढे पैसे घेता तेवढं तरी द्या, इतकंच त्यांचं म्हणणं होतं.

स्वातंत्र्यानंतर तिसऱ्या वर्गात झोपण्याचे डबे आले. माणसाला रात्री आडवं होता यायला लागलं, ही मोठीच सुधारणा होती. पण आडवं व्हायचं ते लाकडावर. 1974 साली ‘तिसरा वर्ग’ हे नाव कागदावरून गेलं आणि त्याचा ‘दुसरा वर्ग’ झाला. डब्यावरचा आकडा बदलला, पण आतली फळी होती तिथेच राहिली.

त्याच 1974 च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. जॉर्ज फर्नांडिस त्याचे नेते होते. सुमारे 17 लाख कामगारांचा हा संप 20 दिवस चालला आणि सरकारनं तो मोडून काढला. हजारो लोक तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. पुढच्याच वर्षी आणीबाणी आली.

मधू दंडवते तेव्हा राजापूरचे खासदार होते. मूळचे अहमदनगरचे, पेशानं प्राध्यापक, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे, विचारानं समाजवादी. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या. 1977 साली जनता पक्ष सत्तेवर आला आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. यातली गंमत कोकणातल्या वाचकाला लगेच कळेल. त्यांच्या मतदारसंघात तेव्हा रेल्वेच नव्हती. त्यांना निवडून देणारी माणसं मुंबईला एसटीच्या लाल गाडीनं, घाटरस्त्यांवर उलट्या काढत जायची. कोकण रेल्वेवरून सलग गाड्या धावायला 1998 साल उजाडावं लागलं.

मंत्री झाल्यावर दंडवत्यांनी 1974 च्या संपात काढून टाकलेल्या कामगारांना पुन्हा कामावर घेतलं. आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंचांचा फोम बसवायला सुरुवात केली. आधी मुख्य मार्गांवरच्या गाड्यांत, मग पुढच्या काळात हळूहळू सगळीकडे. पहिल्या वर्गाला खाली आणायचं नाही, दुसऱ्याला वर न्यायचं आहे, अशी त्यांची भूमिका होती.

डिसेंबर 1977 मध्ये मुंबई ते हावडा अशी एक नवी गाडी सुरू झाली. तिच्यात वर्गच नव्हते. पहिला वर्ग नाही, वातानुकूलित डबा नाही, सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहावरून तिचं नाव ठेवलं गीतांजली. ज्या गाडीचं स्लीपर आम्ही पाचजणांनी मित्राला अवघड वाटू नये म्हणून निवडलं होतं, ती गाडी जन्माला आली तेव्हा तिच्यात असा प्रश्नच कुणाला पडला नसता. तेव्हा आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आज गीतांजलीला इतर गाड्यांसारखेच एसीचे डबेही आहेत.

फोम बसवणं हे काही धरण बांधण्यासारखं काम नव्हतं. त्याला नवं तंत्रज्ञान लागत नव्हतं. पहिल्या वर्गाच्या बैठका आधीपासून मऊच होत्या, म्हणजे गादी कशी करतात हे रेल्वेला ठाऊक होतं. ती कुणासाठी करायची, एवढाच निर्णय उरला होता, आणि तो व्हायला सव्वाशे वर्षं लागली. ज्या देशात गरोदर बाई बाळंतपणाला माहेरी रेल्वेनं जाते, गिरणी कामगार सुट्टीला गावी रेल्वेनं जातो, आजारी माणूस मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात रेल्वेनं येतो, तिथे दोन इंचांचा अर्थ काय होतो याचा हिशेब कुठल्या खात्यात मांडणार?

नागपूरला काका उतरले. रात्री 10 वाजता आम्ही मधले बर्थ उघडले. रेल्वेच्या नियमानं मधला बर्थ रात्री 10 ते सकाळी 6 एवढाच उघडा ठेवायचा असतो, कारण तो उघडला की खालच्याला ताठ बसता येत नाही. एका कप्प्यात समोरासमोर तीन-तीन आणि बाजूला दोन, अशी आठ अनोळखी माणसं एकमेकांच्या झोपेच्या वेळा सांभाळतात.

मध्यरात्री मी पाणी घ्यायला उठलो तर पाय टाकायला जागा नव्हती. दोन बर्थच्या मधल्या जमिनीवर एक बाई आणि दोन मुलं वर्तमानपत्र अंथरून झोपली होती. दारापासून बेसिनपर्यंत माणसं होती. जनरलच्या डब्यात शिरता आलं नव्हतं म्हणून ती इथे आली होती. आमच्या कप्प्यातला एक प्रवासी वैतागून म्हणाला, “आम्ही पैसे भरलेत.” ते खरंच होतं. पण पैसे त्या बाईनंही भरले होते. तिच्या हातात जनरलचं तिकीट होतं. गांधीजींचं 1917 चं त्रैराशिक तिला अजून लागू होत होतं. तिचं एक मूल आम्ही एका बर्थवर घेतलं आणि आमच्यातले दोघे दुसऱ्या बर्थवर टेकून बसले. यानं कुठला प्रश्न सुटला नाही. फक्त रायपूर ते टाटानगर ते पोर नीट झोपलं.

1993 मध्ये थर्ड एसी आला, आणि गेल्या काही वर्षांत अनेक गाड्यांतले स्लीपर डबे काढून त्या जागी एसी डबे लावले गेले. एसीला मागणी आहे आणि उन्हाळ्यात विदर्भातून जाणाऱ्या गाडीत ती का आहे हे कुणाला समजावून सांगायला नको. एसीत बसणाऱ्यावर माझा राग नाही, मीही बसतो. पण गाडीचे डबे ठरलेले असतात. एक स्लीपर डबा गेला की जुन्या रचनेतले 72 बर्थ जातात, आणि त्या 72 माणसांतल्या सगळ्यांनाच अडीचपट भाडं परवडत नाही. ज्यांना परवडत नाही ती पुन्हा दाराशी, पुन्हा जमिनीवर येतात. म्हणजे दंडवत्यांनी ज्यांच्या पाठीखालची फळी मऊ केली, त्यांच्यातल्या काहींच्या पाठीखालून आता ती मऊ फळीही जाते.

तेव्हा पुढच्या वेळी ट्रिप ठरवताना ग्रुपवर कुणीतरी मेसेज वाचून गप्प बसलं, तर सहलीचा उत्साह नाही असं समजू नका. ‘कुठला डबा?’ हा प्रश्न भारतात कधीच फक्त आरामाचा नव्हता. कोण कुणाबरोबर बसू शकतं, हेही त्यातच ठरत आलंय. एका प्राध्यापकानं मंत्री झाल्यावर या प्रश्नाचं दोन इंचांएवढं उत्तर दिलं. जनरलच्या डब्यात ते उत्तर अजून पोचायचं आहे.