उचल (मजुरी पद्धत)

उचल म्हणजे हंगामी मजुराने काम सुरू होण्यापूर्वी मालकाकडून किंवा त्याच्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम होय. ही रक्कम पुढे कामातून फेडायची असते. पालघर जिल्ह्यात तिला बयाना असेही म्हणतात. महाराष्ट्रात ऊसतोड व वीटभट्टी या धंद्यांत ही पद्धत रूढ आहे. प्रस्तुत लेख जव्हार व मोखाडा तालुक्यांतील वीटभट्टी मजुरांपुरता आहे.

पार्श्वभूमी

जव्हार तालुक्यातील दाभोसा हे गाव लेंडी नदीवरील धबधब्यामुळे पर्यटकांना परिचित आहे. या परिसरात पाऊस भरपूर पडतो. परंतु डोंगरउतारावर पाणी टिकत नाही आणि भात, नागली, वरई ही खरिपाची पिके निघाली की शेतीतील काम संपते. त्यामुळे वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर आदी समाजांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वाडा, भिवंडी, वसई, कल्याण या भागांत जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात.

भरती व काम

उचल बहुधा पावसाळ्यात, घरातील धान्य संपत आलेले असताना, किंवा लग्न व आजारपणाच्या निमित्ताने दिली जाते. मजुरीचा दरही याच वेळी ठरतो. म्हणजे घासाघीस करण्याची मजुराची ताकद सर्वांत कमी असते तेव्हा. नोंद मुकादमाच्या किंवा मालकाच्या वहीत राहते. मजुरी हजार विटांमागे मोजली जाते आणि कामाचा घटक व्यक्ती नसून जोडपे असतो, त्यामुळे स्त्रीच्या श्रमाची वेगळी नोंद होत नाही. मुलेही आईवडिलांबरोबर भट्टीवर जातात व त्यांची शाळा तुटते.

वीट पाडण्याचे काम ऊन चढण्याआधी उरकावे लागते, म्हणून ते मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे अंधारात सुरू होते. व्यवहारात ही रात्रपाळीच आहे. मात्र दर नगावर असल्याने कामाचे तास मोजलेच जात नाहीत.

आठवड्याला जेवणखाण्यापुरती खर्ची मिळते आणि हंगामाच्या शेवटी हिशोब होतो. उचल व खर्ची वजा जाता बाकी निघाल्यास ती पुढील वर्षावर जाते. त्याच भट्टीवर वर्षानुवर्षे परतणारा मजूर ‘आपला माणूस’, विश्वासू म्हणून ओळखला जातो. पण त्याच्या निष्ठेत जुन्या बाकीचा वाटा किती, हे वही पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

कायदेशीर बाजू

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी सावकाराकडे राबणाऱ्यास लग्नगडी म्हणत. १९४५ साली सुरू झालेल्या वारली आंदोलनाने या प्रथेवर व वेठीवर आघात केला. वेठबिगारी पद्धत (निर्मूलन) अधिनियम, १९७६ ने देशभर अशी कर्जे रद्द ठरवली. उचल घेणे हा स्वतः गुन्हा नाही. मात्र तिच्या बदल्यात दुसरीकडे काम करण्याचे, जाण्यायेण्याचे किंवा किमान वेतनाचे स्वातंत्र्य गेल्यास ती वेठबिगारी ठरते. कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने धनकोवर टाकली आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करवून घेणे हे सक्तीचे श्रम होत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटले.

१९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता; जव्हारहून भिवंडीला जाणारा मजूर त्यात बसत नसे. परदेशी नोकरीसाठी दलालाला पैसे भरणाऱ्या कामगारावरही कर्जाचा असाच बोजा येतो. तेथे मजूर स्वतः पैसे देतो, येथे घेतो, इतकाच फरक. भरतीचा खर्च कामगारावर पडू नये, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे तत्त्व आहे.

मुक्तता

विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून या भागात वेठबिगारांची मुक्तता करवून घेतली. १९९९ मध्ये दोघांना लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा पुरस्कार मिळाला. केंद्राच्या २०१६ च्या योजनेनुसार मुक्त झालेल्या प्रौढ पुरुषास १ लाख, स्त्रिया व बालकांस २ लाख आणि अत्यंत गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपये पुनर्वसन साहाय्य देय आहे. पूर्ण रक्कम गुन्हा शाबीत होण्याशी जोडलेली असल्याने खटला रेंगाळला की मदतही रेंगाळते, आणि पुढच्या पावसाळ्यात मुकादम पुन्हा पाड्यावर येतो.