खोक्यातल्या बातम्या

दूरचित्रवाणीचा इतिहास सांगणारे दिल्लीपासून आरंभ करतात, आणि ते योग्यच आहे. १५ सप्टेंबर १९५९ रोजी तेथे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. १९६१ साली शाळांसाठी कार्यक्रम आले. मुंबईला चित्र उमटले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, उपग्रहाच्या साह्याने, सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत संच बोलू लागले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. शेजारचे गुलबर्गा, विजापूर मात्र होते. रोज सकाळचा दीड तास मुलांसाठी राखलेला असे. पण या साऱ्या इतिहासात विद्यार्थी कोठे दिसतो? संचापुढे मांडी घालून बसलेला!

संचाच्या आत बसलेला विद्यार्थी मला भेटला तो २००४ साली, बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत. मी तेथे चित्रकलेचा मास्तर होतो. मॅट्रिक आणि वर ए.टी.डी., एवढीच माझी विद्या. एका जुन्या लाकडी टी.व्ही.चे खोके भंगारातून मिळाले. त्याच्या आतली यंत्रे काढून मुलांनी त्यात डोके घातले आणि बातम्या वाचायला सुरुवात केली. मागचा निळा पडदा मी रंगवला. तो वाळेपर्यंत पहिल्या निवेदकाची टोपी निळी झाली होती, ही गोष्ट वेगळी.

मग कॅमेरा आला. तालुक्याला लग्नांचे शूटिंग करणारा एक गृहस्थ होता. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, तेव्हा त्याचा कॅमेरा बिचारा कपाटात पडून. दर शनिवारी तो सायकलीवरून येई आणि चहाच्या बोलीवर दहा मिनिटे चित्रण करून देई. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या संचावर ती कॅसेट लागे. सारे गाव जमे.

एस.टी. का आली नाही, बंधाऱ्याला भोक कोणी पाडले, असल्या आमच्या बातम्या! एकदा एका पोराने "सोमवारी साहेब तपासणीला येणार" असे ठोकून दिले. शिक्षकांनी रविवारी बसून वह्या तपासल्या, आणि साहेब काही आले नाहीत. पुढच्या शनिवारी त्याला पडद्यावर उभे राहून चूक कबूल करावी लागली. तेव्हापासून नियम झाला: दोघांना विचारल्याखेरीज बातमी नाही. नियम मुलांनीच केला.

आठवीतली एक मुलगी आमची मुख्य निवेदिका. मी तिला सांगितले, स्मिता पाटील सिनेमात येण्यापूर्वी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचीत असत. ती म्हणाली, "सर, बातम्या त्या स्वतः लिहीत होत्या का?" मला उत्तर सुचले नाही. तिच्या बातम्या ती स्वतःच लिही.

दसरा झाला. मुकादमांची उचल घरोघर आधीच पोचली होती. टोळ्या ऊसतोडीला निघू लागल्या. वर्गात बाके रिकामी पडू लागली, हजेरीपटात मात्र सारे हजर. ती शनिवारी कागद घेऊन आली. त्यावर जाणाऱ्या मुलांची नावे होती. कोणता वर्ग, कोणत्या कारखान्याला, कोणाबरोबर, सगळे लिहिलेले. मुख्याध्यापक म्हणाले, ही बातमी नव्हे. मीही मान डोलावली. नोकरी नवी होती. आज लिहिताना लाज वाटते.

तिने विचारले, "दोघांना विचारलंय, सर. खोटं आहे का?"

कॅमेरावाला चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, "वाच गं तू."

तिने वाचले. एकोणीस नावे. एकोणिसावे तिचे स्वतःचे. वाचून झाल्यावर नेहमीप्रमाणे "नमस्कार" म्हणाली. त्या संध्याकाळी पंचायतीपुढे कोणी बोलले नाही. दोन म्हाताऱ्यांनी मात्र आपली नातवंडे ठेवून घेतली, आणि सोमवारी हजेरीपटावर प्रथमच लाल शाई उमटली.

ती गेली. तुळशीचे लग्न झाले, तसे मुहूर्त निघाले आणि कॅमेराही गेला. कॅसेटा महाग, आमच्या बातम्यांवर त्याने लग्ने चढवली, त्यात त्याचा दोष नाही. एक तेवढी मला दिली. तिच्यात कोणा अनोळखी वधूवरांच्या अक्षता, पंगत, पाठवणी असे सारे यथासांग आहे. पाठवणीची गाडी निघते, पडद्यावर मुंग्या येतात, आणि मग निळ्या पडद्यापुढे एक मुलगी सतरावे नाव वाचीत असते.